गाडीतला स्टिरिओ बसवू या घरच्या घरी

“स्टिरिओ बसवायचा? आणि तू?” एवढं म्हणून आमच्या ह्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असंच म्हणतील. पण मी हट्टाला पेटले, त्याला तसंच कारण घडलं होतं.

आमची गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. घेतली त्याच आठवड्यात ओळखीच्या दुकानातून स्टिरिओ बसवून घेतला. अर्ध्या तासात काम उरकून पोरगा मोकळा! पुढे एकदा पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटात जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. मला वाटलं, बाहेरून येतोय. मग डॅशबोर्डच्या फटीतून धुराची बारीक रेघ दिसली. मागे सासूबाई आणि धाकटी! गाडी कडेला घेतली, मी दोघींना खाली उतरवलं आणि ह्यांनी डिकीतल्या पान्याने बॅटरीची तार सोडवली. तेवढ्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने उघडून दाखवलं. एक तार पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्या पोराने चक्क सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती! अहो, फ्यूज म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो उडाला तर का उडाला ते बघायचं, की भोकात खिळा ठोकून बसायचं?

तेव्हाच ठरवलं, नवा स्टिरिओ मी बसवणार. बी. ए. झालेल्या बाईला विजेचं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही कळत नव्हतं. पण स्वेटरचा नमुना वाचून विणता येतो, तर स्टिरिओवर छापलेला तारांचा तक्ता का वाचता येऊ नये?

दुकानात जाण्याआधी पट्टीने जागा मोजून घ्या. जुन्या मापाचा स्टिरिओ सुमारे १८ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर उंच असतो. पडद्यावाला मोठा म्हणजे त्याच रुंदीचा, पण उंचीला १० सेंटीमीटर. आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचा जोडणीचा कपलर आवर्जून मागून घ्या. तो मिळाला की कंपनीची एकही तार कापावी लागत नाही. नवी गाडी असेल तर तारा कापण्याआधी वॉरंटीचं विचारा, नाहीतर लाभ राहिला बाजूला!

काम सुरू करण्याआधी किल्ली काढून ठेवा आणि बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. काळीच का? गाडीचा सगळा पत्रा तिलाच जोडलेला असतो. तुम्ही आधी लाल सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. जोडताना उलट, काळी शेवटी. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातले कपलर दिसले तर मात्र हात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात. तिथे आपलं काम नाही.

आता तारा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत नि सगळा घोटाळा इथेच. स्टिरिओच्या पिवळ्या तारेला वीज कायम हवी. घड्याळ नि आपण लावलेली स्टेशनं तीच लक्षात ठेवते. लाल तारेला किल्ली फिरवल्यावरच वीज हवी. लालही कायमच्या विजेला जोडली, तर किल्ली काढली तरी स्टिरिओ चालूच राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली! दोन्ही किल्लीवरच्या विजेला जोडल्या, तर दर वेळी स्टेशनं पुसली जातात. काळी तार पत्र्याला, रंग खरवडून घट्ट.

पण गाडीकडच्या तारांचे रंग स्टिरिओच्या रंगांशी जुळतीलच असं नाही. म्हणून मल्टीमीटर हवाच. थोडा वेळ बॅटरी जोडा, उघडी टोकं कशालाही टेकू देऊ नका, आणि तपासा. किल्ली बंद असतानाही १२ व्होल्टच्या आसपास दाखवते ती कायमची. किल्ली फिरवल्यावरच दाखवते ती दुसरी. झालं की बॅटरी पुन्हा सोडवा. (मी हे सोडवणं विसरले होते. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता आठवण केली, म्हणजे लक्ष होतं तर!)

स्पीकरच्या तारा जोडीने येतात: पांढरी जोडी पुढे डावीकडे, करडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. ही निगेटिव्ह पत्र्याला लावू नका हं! जुन्या काळी काही गाड्यांत तशी लावत, आताचा स्टिरिओ त्याने जळू शकतो. एखादा स्पीकर उलटा जोडला तर गाणं ऐकू येतं, पण ढोलकीचा भरदारपणा जातो. शंका आली तर स्टिरिओपासून सोडवलेल्या स्पीकरच्या तारांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा; अधिकला अधिक लागलं तर पडदा बाहेर सरकतो.

जोड नुसते पिळून चिकटपट्टी लावू नका. उन्हात उभ्या गाडीत ती पट्टी सुटून तार उघडी पडते. डाख द्या किंवा दाबायच्या नळ्या वापरा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. पत्र्याच्या कडेजवळून तार जात असेल तिथे रबर घाला. फ्यूज लिहिलेल्या अँपिअरचाच, त्याहून मोठा नको.

मला सगळ्याला मिळून चार तास लागले. मध्ये एक स्क्रू हरवला, तो धाकटीच्या मुठीत सापडला. किल्ली फिरवली, आकाशवाणी लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आवाज जरा बारीक कर गं.” ह्यांना मी ऐकवलं, मोटारीतला रेडिओ गॅल्विन बंधूंनी अमेरिकेत १९३० साली विकायला आणला, ‘मोटोरोला’ हे नाव तिथूनच आलं. ते म्हणाले, “मग मागच्या दाराचा स्पीकर का खरखरतोय?”

खरखरतोय खरा. दिवाळीच्या सुट्टीत ते दार उघडणार आहे.