दारासिंग लोकांस इतका प्रिय कां झाला?

शाळेच्या मधल्या सुटींत दोन मुलांची जुंपली, म्हणजे त्यांतील एक जण दुसऱ्यास हमखास विचारतो, "स्वतःला मोठा दारासिंग समजतोस काय?" असें विचारणाऱ्या मुलानें दारासिंगास कधीं पाहिलेलें नसतें. त्यानें कुस्तीचा निरोप घेतला तो १९८३ सालीं. १२ जुलै २०१२ रोजीं तो मुंबईंत वारला. आणि आज पांचवी-सहावींत असलेल्या विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतरचा आहे. असें असतांहि पंजाबांतील एका मल्लाचें नांव आमच्या मराठी बोलींत भीमाच्या व गामाच्या पंक्तीस जाऊन बसलें. विशेषनामाचें सामान्यनाम होण्याचें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास येतें. तें ह्याच्या वांट्यास कां आलें, ह्याचा थोडा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. येथें मीं दारासिंगाचा उल्लेख एकेरीच केला आहे. वडील मंडळींस हें कदाचित् खटकेल. परंतु भीमास किंवा मारुतीस आपण 'अहो' म्हणत नाहीं, आणि लोकांनीं दारासिंगास ज्या रांगेंत बसविलें ती हीच.

आमच्या ह्या भागांत मल्लांची वाण कधींच नव्हती. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या भिंती लागल्या आहेत; परंतु त्यांच्या आड जीं जुनीं गांवें आहेत, त्यांतून तालमी होत्या व कित्येक ठिकाणीं अद्याप आहेत. भोसरीचें नांव तर कुस्तीच्या संबंधांत दूरवर घेतलें जातें. चैत्रांत जत्रा सुरू झाल्या, कीं दुपारीं हलगीच्या कडकडाटांत आखाडा भरतो. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग इनामाचा आंकडा चढत जातो, आणि दिवस मावळतांना शेवटची मोठी जोड मातींत उतरते. भोंवतीं बसलेल्या म्हाताऱ्यांस पट कोणीं काढला, ढाक कोणाची चुकली, घिस्सा कां बसला नाहीं, हें सर्व कळत असतें. पाठ मातीस लागली तरच ती कुस्ती निकाली. नाहीं तर पंच जोड बरोबरींत सोडवितात आणि लोक हळहळत घरीं जातात.

कोल्हापुरास १९१२ सालीं शाहू महाराजांनीं खासबाग मैदान बांधलें, आणि त्या आश्रयाच्या बळावर पुढें केवढाले मल्ल निपजले! श्रीपति खंचनाळे १९५९ सालीं हिंदकेसरी झाले, गणपतराव आंदळकर १९६० सालीं, मारुति माने १९६४ सालीं. आंदळकर व माने ह्या दोघांनीं १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदकें मिळविलीं. ह्यांच्या विजयांविषयीं कोणास शंका घेतां येणार नाहीं. मग मराठी मुलांच्या तोंडीं बसलेलें नांव ह्यांपैकीं एकाचें नसून दारासिंगाचें कां?

दारासिंगाचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजीं अमृतसर जिल्ह्यांतील धरमूचक ह्या खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं झाला. १९४७ सालीं तो पोटापाण्यासाठीं सिंगापुरास गेला व तेथें एका कारखान्यांत कामास लागला. काम करीत असतांना तो हरनामसिंग नांवाच्या वस्तादापाशीं कुस्तीचे धडे घेऊं लागला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे आईबाप दूरच्या जिल्ह्यांतून येथील कारखान्यांत चाकरीस आले आहेत. त्यांना ही हकीकत परकी वाटणार नाहीं. सिंगापुरांत त्या वेळीं दोरखंडांनीं वेढलेल्या उंच चौथऱ्यावर धंदेवाईक पहिलवानांचे सामने तिकीट लावून होत. ह्याच रिंगणांत तो वाढला, मलायांत गाजला आणि मग स्वदेशीं परतून १९५४ सालीं 'रुस्तुमे हिंद' झाला. १९५९ सालीं कलकत्त्यास कॅनडाचा जॉर्ज गॉर्डिएंको ह्यास हरवून त्यानें राष्ट्रकुलाचें अजिंक्यपद घेतलें, आणि २९ मे १९६८ रोजीं मुंबईंत अमेरिकेचा नामांकित मल्ल लू थेझ ह्यास पाडून जगज्जेतेपद मिळविलें. थेझ त्या वेळीं बावन्न वर्षांचा होता, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

येथें एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें बरोबर नव्हे. ह्या रिंगणांतील कुस्त्यांस लोक 'फ्रीस्टाइल' म्हणत. ऑलिंपिकमध्यें त्याच नांवाचा जो प्रकार आहे त्याशीं हिचें नातें केवळ नांवापुरतें. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर, वजनाचे गट पाडून, गुणांवर व नियमांवर चालते. धंदेवाईक फ्रीस्टाइलमध्यें बुक्क्या, लाथा, दोरावरून उसळ्या, क्वचित् खुर्च्यांची फेकाफेक, हें सर्व चाले. आणि तींतील पुष्कळ सामन्यांचा निकाल दोघां मल्लांस व सामने भरविणाऱ्यास अगोदरच ठाऊक असे. आपल्याकडे अशा ठरवून केलेल्या लढतीस 'नुरा कुस्ती' म्हणतात. आज पुढाऱ्यांच्या लुटुपुटीच्या भांडणांसहि वर्तमानपत्रें हाच शब्द लावतात. अर्थात् निकाल ठरलेला असला तरी पडणें खोटें नसतें. सव्वाशे किलोच्या माणसास डोक्यावर उचलून फळ्यांवर टाकणें, आणि टाकलेल्यानें हाड न मोडतां उठणें, ह्यासाठीं वर्षानुवर्षांची मेहनत लागतेच.

माझे एक मामा वाळवें तालुक्यांतून पिंपरीस कारखान्यांत नोकरीस आले होते. तरुणपणीं ते स्वतः मातींत खेळलेले. फ्रीस्टाइलचें नांव काढलें कीं त्यांच्या कपाळीं आठी चढे. "ती कुस्ती नव्हे रे, तो तमाशा," असें ते म्हणत. परंतु दारासिंगाचा चित्रपट लागला, कीं आम्हां भाचरांस घेऊन तेच प्रथम निघत. मीं एकदां धीर करून त्यांना ह्याचें कारण विचारलें. ते म्हणाले, "खेळ खोटा असेल, पण गडी खरा आहे. त्याची मान बघ. असली मान सोंग करून येत नाहीं."

मामांचें हें उत्तर मला पुढें पुष्कळ दिवस आठवत राहिलें. लू थेझ हा तर कुस्तीचे अस्सल डाव जाणणारा म्हणून अमेरिकेंत मान्यता पावलेला. त्यानेंहि दारासिंग हा जातिवंत कुस्तीगीर असल्याचा निर्वाळा दिला आहे. म्हणजे जाणत्यांचें समाधान त्याच्या शरीरानें झालें. आतां ज्यांना डावांतलें कांहींच कळत नव्हतें, अशा लाखों लोकांचें काय?

त्यांच्यासाठीं हीच फ्रीस्टाइल सोयीची होती. मातींतील कुस्ती पाहण्यास डोळा तयार लागतो. दोन मल्ल अर्धा घटका एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी करीत राहिले, तर अजाण माणूस कंटाळतो. रिंगणांतील लढत मात्र लहान मुलासहि वाचतां येई. समोर किंगकाँग हें भयंकर नांव घेतलेला, चारशें पौंडांच्या घरांत वजन असलेला, दाढीवाला युरोपीय मल्ल. त्याचें खरें नांव एमिल चाया. आणि त्याच्यापुढें सवासहा फुटांच्या जवळपास उंचीचा, सुरेख बांध्याचा, शांत चेहऱ्याचा आपला शेतकऱ्याचा पोर. देश स्वतंत्र होऊन अजून फार वर्षें लोटलीं नव्हतीं. गोऱ्या अजस्र माणसास आपला माणूस उचलून आपटतो आहे, हें दृश्य वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्यें तिकीट काढून पाहतांना गिरणींतल्या कामगारास काय वाटत असेल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. हेच दोघे शहराशहरांतून पुनःपुन्हा झुंजत, आणि तरी गर्दी ओसरत नसे. दशावतारांत राक्षस मरणार हें कोणास ठाऊक नसतें? म्हणून कोणी मध्यरात्रीं उठून घरीं जात नाहीं.

परंतु असले सामने करणारे मल्ल त्या काळीं पुष्कळ होते, आणि त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. दारासिंग टिकला तो त्याच्या वागणुकीमुळें. रिंगणांतील इतर मल्ल प्रतिस्पर्ध्यावर ओरडत, पंचाच्या अंगावर धांवत, प्रेक्षकांस डिवचीत. हा मात्र मोजकें बोले. आणि त्या बोलण्यांत पंजाबी खेड्याचा हेल अखेरपर्यंत राहिला. इतकें बळ अंगीं असून जो तें मिरवीत नाहीं, त्याच्याविषयीं लोकांस भय न वाटतां आपलेपणा वाटतो. आया आपल्या मुलांस दूध पाजतांना त्याचें नांव घेत तें ह्याच कारणानें. गुंडाचें नांव घेऊन कोणती आई दूध पाजील?

पुढचें काम चित्रपटांनीं केलें. १९६२ सालीं 'किंगकाँग' नांवाच्याच चित्रपटांत तो नायक झाला, आणि मग 'फौलाद' आदिकरून मारामारीच्या चित्रपटांची रांगच लागली. ह्या चित्रपटांस थोरामोठ्यांनीं कधीं मान दिला नाहीं. अभिनयांत तो कच्चा होता हें त्याचे चाहतेहि मान्य करतील. परंतु मुंबईंतील रिंगण जेथें कधींच पोहोंचलें नसतें, तेथें हे चित्रपट तंबूंत बसून पोहोंचले. जत्रेस फिरता सिनेमा येई. दुपारीं ज्या मुलानें रेवडीची कुस्ती खेळली, तोच रात्रीं तंबूंत जमिनीवर बसून दारासिंगास पाही. त्याच्या मनांत त्या दोन कुस्त्यांमधील भेद राहिला नसेल, तर त्यास दोष कसा द्यावा? १९७१ च्या 'आनंद' चित्रपटांत तर तो तालमीच्या वस्तादाच्याच वेषांत येतो. त्या थोड्या वेळच्या भूमिकेंत तो मला सर्वांत शोभून दिसला.

ह्यानंतर जें घडलें तें दुसऱ्या कोणत्याहि मल्लाच्या बाबतींत घडलें नाहीं. महाराष्ट्रांतील प्रत्येक तालमींत मारुतीची मूर्ति असते. मल्ल प्रथम तिला नमस्कार करतो आणि मग मातींत पाऊल टाकतो. दारासिंगानें १९७६ सालीं 'बजरंगबली' चित्रपटांत मारुतीची भूमिका केली, आणि पुढें १९८७-८८ मध्यें रामानंद सागर ह्यांच्या 'रामायण' मालिकेंत तीच पुन्हा केली. तेव्हां तो साठीच्या उंबरठ्यावर होता. रविवारीं सकाळीं ती मालिका लागली, कीं रस्ते ओस पडत. ज्यांच्या घरीं दूरचित्रवाणीचा संच असे त्यांच्या ओटीवर सारी आळी जमे. जो आजवर मारुतीचा भक्त म्हणून मातींत उतरत होता, त्यालाच लोक हात जोडूं लागले. धर्माचा भेद बाजूस ठेवूनहि मुलें त्या मालिकेंतील गदेसारखी पुठ्ठ्याची गदा घेऊन गल्लींतून हिंडत. ज्यांनीं त्याची एकहि कुस्ती पाहिली नव्हती अशा दुसऱ्या पिढीस दारासिंग मिळाला तो असा. २००३ सालीं त्याची राज्यसभेवर नेमणूक झाली तेव्हां सभागृहांत जाणारा तो जणू सर्वांच्या ओळखीचाच होता.

ह्या सर्व विवेचनानंतरहि माझ्या मनांत एक कांटा राहतो, आणि तो मामांच्या मनांतहि होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव ह्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें पदक. तिकडे जाण्याच्या खर्चासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण टाकलें. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हां बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु तें प्रेम कऱ्हाड-कोल्हापुरापलीकडे फारसें पोहोंचलें नाहीं. त्यांच्या कुस्तीचा चित्रपट गांवोगांवच्या तंबूंत आला नाहीं. ते पोलिसांत नोकरी करीत राहिले, आणि १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

खाशाबांस एकेरी म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं. दिल्लीच्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. मधल्या सुटींत भांडणाऱ्या मुलांच्या तोंडीं मात्र तें अजून आलेलें नाहीं.