नंबर नक्की कुणाचा?

राजीनामा दिला आणि एचआरच्या मॅडमनी माझ्यापुढे यादी सरकवली. लॅपटॉप, आयकार्ड, पार्किंगचा स्टिकर आणि शेवटी सिमकार्ड. पहिल्या तीन वस्तू दोन मिनिटांत टेबलावर. चौथीपाशी हात अडला. सात वर्षं हा नंबर माझा होता. निदान मला तसं वाटत होतं!

नोकरी लागली तेव्हा कंपनीचं पोस्टपेड मिळालं म्हणून कोण आनंद झाला होता. बिल कंपनी भरणार, आपण नुसतं बोलायचं. फुकट ते पौष्टिक! कॉलेजपासूनचं प्रीपेड सिम ड्रॉवरमध्ये गेलं आणि रिचार्जअभावी बंद पडलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. माझाही गेला. मग बँक, आधार, गॅस, यूपीआय, सगळं ऑफिसच्या नंबरावर. आईने तर तो पाठच केला.

'पोर्ट करून घेतो की,' मी म्हटलं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशात २० जानेवारी २०११ पासून सगळीकडे आहे. १९०० वर एसएमएस, कोड आला की काम फत्ते. पण नंबर कंपनीच्या नावावर असेल, तर तिचं अधिकारपत्र लागतं. ते मिळालं नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. क्लायंट त्याच नंबरावर फोन करणार, आणि बिलं त्यांनीच भरलेली.

नोटीस पीरियडचे शेवटचे पंधरा दिवस बँकेच्या आणि आधार केंद्राच्या चकरांत गेले. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच, 'जुन्या नंबरावर ओटीपी येतोय ना?' तो येत होता तोवर ठीक. ती सोय संपायची तारीख मात्र कॅलेंडरवर दिसत होती.

मग कंपनीचं कनेक्शन घ्यायचंच नाही का? जरूर घ्या. दिवसभर क्लायंटशी बोलणं, परदेशी रोमिंग असलं की ते बिल आपल्या खिशातून का जावं? स्वतःचा व्यवसाय असेल आणि जीएसटीची नियमित नोंदणी असेल, तर बिझनेस कनेक्शन फायद्याचंच. व्यवसायासाठीच्या बिलावर भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं. पण घरचा नंबर वेगळाच हवा. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊ कनेक्शन चालतात, आपल्याला दोन पुरे. ड्युअल सिम किंवा ई-सिममुळे दुसरा हँडसेटही नको. आणि संध्याकाळी सातनंतर ऑफिसचं सिम बंद करता येतं, हा बोनस!

साधा हिशोब असा: ज्या नंबरावर पैशाचा ओटीपी येतो, तो आपल्याच नावावर हवा. महिन्याचे चारपाचशे वाचवताना मी हेच विसरलो होतो.

जुना नंबर आता ऑफिसातल्या नव्या मुलाकडे आहे. आई सवयीने दोनदा त्यालाच फोन लावून बसली. 'गोड बोलतो रे, पण तुझा आवाज नाही,' म्हणाली. नवा नंबर पाठ व्हायला तिला दोन महिने लागले. परवा विचारत होती, 'हा तरी तुझाच ना?'

हो आई. याचं बिल मी भरतो.