घरी भरलेले काडतूस: साष्टीच्या शिकारीपासून उपनगरी सदनिकांपर्यंत

एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून ठेवायची, तिच्या बुडाशी नवी टोपी (ठोका बसताच फुटून दारू पेटवणारी) बसवायची, आत दारू मापून घालायची आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे बसवून ती पुन्हा वापरायची, या कामाला पुनर्भरण म्हणतात. मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. पण ज्या भूभागावर आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली उभी आहेत, तो एके काळी बंदुकीच्या ओळखीचा प्रदेश होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत हा भूभाग, म्हणजे साष्टी बेट, ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि बोरिवली व मुलुंड तर १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. भातखाचरांत पाणलावे, विहार आणि तुळशी तलावांवर बदके, टेकड्यांत बिबटे असलेल्या या मुलखात १९२९ मध्येही विहार तलावाजवळ वाघ मारला गेल्याची नोंद आहे. शिकारीची हौस होती तिथे दारू मोजण्याचे कामही होते, आणि त्या कामातील चुका बंदुकीइतक्याच जुन्या आहेत.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून ते गजाने ठासायच्या बंदुकीत, प्रत्येक बार भरणाऱ्याच्या हातचाच असे, आणि नळीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नसे. टोपी फुटली पण दारू पेटली नाही, किंवा गडबडीत बार उडालाच नाही, तर माणूस त्यावरच दुसरा बार ठासून मोकळा होई. १८६३ मध्ये अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावर गोळा केलेल्या सुमारे २७ हजार बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते, असे त्या काळच्या मोजणीत नमूद आहे; कवायत शिकलेल्या सैनिकांच्या हातून हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे हाताच्या सवयीवर किती विसंबावे याचा अंदाज येतो. त्यावरचा जुना उपाय साधा आहे: नळी रिकामी असताना गज किती बाहेर राहतो आणि एक बार भरल्यावर किती, याच्या दोन खुणा गजावरच करून ठेवायच्या. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत आणि गणपतीला गावी जाणाऱ्या उपनगरांतल्या कित्येक चाकरमान्यांच्या घरी त्या माळ्यावर किंवा खुंटीवर दिसतात, त्यामुळे ही खूण केवळ इतिहासजमा झालेली गोष्ट नव्हे.

मागून भरायच्या बंदुका आल्या आणि दारू पुंगळीत गेली, तेव्हा काम सोपे झाले असे वाटले. पण सर्वांत मोठा घोळ तिथूनच सुरू झाला, आणि त्याचे मूळ माप या एका शब्दात आहे. तोवर वापरात असलेली जुनी काळी दारू आकारमानाने, म्हणजे ठरलेल्या मापात भरून मोजली जाई. तिच्यात थोडे कमीजास्त झाले तरी बंदूक सहसा ते सोसून घेत असे. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली आणि १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली. या नव्या दारूचे दोन प्रकार बाजारात एकाच वेळी नांदू लागले: एक फुगीर, जी काळ्या दारूच्या मापात भरता यावी अशीच बनवलेली होती, आणि दुसरी दाट, जी तराजूवर तोलूनच घ्यावी लागे. ज्याने दाट दारू जुन्या मापात भरली त्याने वजनाने दुपटीहूनही अधिक दारू पुंगळीत घातली, आणि जुन्या बंदुकींच्या नळ्या, विशेषतः लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, फाटल्या. चूक करणारा आळशी किंवा बेफिकीर नव्हता. वडिलांनी शिकवलेले माप त्याने इमानाने वापरले होते, आणि म्हणूनच ही चूक समजून घेण्याजोगी आहे. बिनधुराच्या दारूचे वजन ग्रेन या एककात सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मे. इतक्या बारीक तोलाचे काम अंदाजावर सोडणे म्हणजे सोन्याचा हिशेब मुठीने करणे.

याच काळातली दुसरी चूक दारूची नव्हे, पुंगळ्यांच्या सरमिसळीची आहे. बोअरचा आकडा जितका मोठा तितके काडतूस बारीक, म्हणून वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते घसरून पुढे जाते आणि नळी अरुंद होते तिथे अडकते. मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी दिसते, तो त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढे काय होते ते बंदूक धरणाऱ्या डाव्या हाताच्या जखमांनी जगाला शिकवले, आणि आज वीस बोअरच्या पुंगळ्या पिवळ्या रंगाच्या असतात त्या याच कारणाने. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पुंगळ्या ओल धरून फुगत आणि नळीत बसेनाशा होत, ही त्या मानाने किरकोळ अडचण होती.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला आणि बंदुकीची हौस नेमबाजीच्या मैदानाकडे वळली. उपनगरांतून लोकल पकडून वरळीच्या रेंजवर जाणाऱ्या नेमबाजांपैकी बहुतेकांच्या हाती हवेची रायफल किंवा पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल असते. पहिलीत दारूच नाही, आणि दुसरीच्या काडतुसात स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेले असल्याने ते पुन्हा भरताच येत नाही. पुनर्भरणाचा प्रश्न उरतो तो बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांचा, आणि तिथे कायदा स्पष्ट आहे: १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेदेखील दारूगोळाच ठरतात, आणि त्याच्या निर्मितीला कलम ५ नुसार परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

ज्या देशांत पुनर्भरण घरोघर चालते तिथले अनुभव मात्र इथल्या प्रत्येक परवानाधारकाने वाचावेत असे आहेत. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू अनेकदा निम्म्यापर्यंतही येत नाही, त्यामुळे चुकून दोनदा घातली तरी ती मावते आणि वरून गोळी बसली की कुणाला कळत नाही. उलट दारू घालायचीच राहिली, तर एकटी टोपी गोळीला नळीत अर्ध्यावर ढकलते. आवाज बसका येतो, धक्का जाणवत नाही, आणि घाईत पुढचा बार मारणाऱ्याची नळी फुटते. म्हणून तिकडचे जाणते लोक भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत ओळीने उभ्या करून, गोळी बसवण्याआधी वरून दिवा धरून प्रत्येकीत डोकावतात. पन्नास पुंगळ्यांत एकीची पातळी निराळी असली तर ती लगेच डोळ्यांत भरते. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवायचा आणि मध्येच फोन आला तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा सुरुवात करायची, हे नियमही स्मरणशक्तीवर विसंबू नये एवढ्यासाठीच आहेत.

सदनिकेत ही जोखीम एकट्याची राहत नाही. बिनधुराची दारू उघड्यावर भडकून जळते, पण घट्ट बंद पेटीत तीच स्फोट करते. उष्णतेने तिच्यातले स्थिरक द्रव्य, म्हणजे विघटन रोखणारे रसायन, संपत जाते आणि मग ती आपोआप तापू लागते. फ्रेंच नौदलाच्या ‘इएना’ आणि ‘लिबेर्ते’ या युद्धनौका १९०७ आणि १९११ मध्ये तुलाँ बंदरात जुनी दारू अशीच पेटल्याने उडाल्या. आंबूस वास आणि तांबूस वाफ ही दारू बिघडत असल्याची लक्षणे. शिवाय टोपीतील मिश्रणात शिसे असते, त्यामुळे वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना उडणारी करडी धूळ लादीवर बसते, आणि एका खोलीच्या घरात त्याच लादीवर बाळ रांगते. मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून येत नाही.

पुनर्विकासासाठी जुन्या इमारती रिकाम्या होताना आजोबांच्या ट्रंकेतून खडकीच्या कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसे किंवा हाताने भरलेल्या कागदी पुंगळ्या हाती लागणे शक्य आहे. ती उघडून पाहू नयेत, कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत आणि जाळू तर मुळीच नयेत. परवानाधारक हयात नसल्यास अधिनियमाच्या कलम २१ नुसार शस्त्र व दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. दारू सुटी असेल किंवा पुंगळी फुगलेली दिसत असेल, तर ती जागची न हलवता पोलिसांनाच घरी बोलवावे.