शीतगृहातली बधिर बोटे

कळव्यात थंडी पडते ती जानेवारीतले चार दिवस, तीही पहाटे खाडीवरून वारा सुटला तर. तरी आमच्या वस्त्यांतून काही माणसे बारा महिने उणे अठरा अंशांत कामाला जातात. विटाव्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने गेले की तुर्भ्याची शीतगृहे, आणखी पुढे तळोज्याचे मासळी प्रक्रियेचे कारखाने. गोठवलेली कोळंबी, मटण, आइस्क्रीम हा माल साधारण त्याच तापमानाला ठेवतात. ते खोके काढून गाडीत भरणारा कोणाचा तरी अब्बा असतो, कोणाचा भाऊ. बाहेर पस्तीस अंश, आत उणे अठरा, आणि एका पाळीत अशा अनेक फेऱ्या.

अशा ठिकाणी बोटांना आधी मुंग्या येतात, मग दुखते, मग दुखायचे थांबते. घरचे म्हणतात, बरे झाले, थांबले. खरा धोका तिथेच सुरू होतो. कातडी पांढरट, मेणासारखी दिसू लागली, संवेदना गेली, म्हणजे आतला रक्तपुरवठा अडला. हातमोजे ओले असतील तर हे लवकर होते. मधुमेह असलेल्यांना आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त जपावे लागते.

माणूस घरी येतो, मगरिबची वेळ झालेली असते आणि वुजूसाठी तो गीझरचे कडक पाणी घेतो. बधिर हाताला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि थंडीच्या इजेवर भाजल्याची भर पडते. पाणी कोमट हवे, आणि ते दुसऱ्या कोणी कोपर बुडवून पाहावे. बोटे चोळू नयेत, गॅसवर किंवा शेगडीवर शेकू नयेत. फोड आले, रंग काळपट झाला किंवा संवेदना परत आली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. कळव्यात महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

तिथे केसपेपर निघतो तेव्हा डॉक्टर विचारतात, काय झाले? आपली माणसे सांगतात, "हात दुखतोय." शाळेत पालकांचे अर्ज भरून देताना असे कितीतरी केसपेपर आम्ही पाहिले, त्यांवर "हात दुखणे" यापलीकडे काही नसते. सांगायचे असते ते असे : अमुक तारखेला, कामावर, शीतगृहात, थंडीने बोटे बधिर झाली. या एका ओळीवर पुढे भरपाई मिळते किंवा अडते.

का, ते सांगतो. कामगार भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. तो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तीत थंडीने होणारा आजार होता, पण "अतिथंड हवामानातला". शिवाय त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली हवी. हे शब्द बर्फाळ मुलखासाठी लिहिलेले दिसतात. तुर्भ्याचे हवामान थंड नाही, खोली थंड आहे. मालकाचा वकील नेमके हेच म्हणू शकतो. म्हणून आमच्या मते दुसरा रस्ता जास्त भरवशाचा : कामावर, कामामुळे घडलेला अपघात. त्याला सहा महिन्यांची अट नाही, पण दिवस आणि जागा दाखवावी लागते. केसपेपरवरची ती ओळ त्यासाठीच.

रक्कम किती? जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला गेला. चाळीस वर्षांच्या माणसाचा वयाचा गुणांक १८४.१७. पगाराचे साठ टक्के गुणिले हा आकडा, म्हणजे १६,५७,५३० रुपये. ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. तर्जनी पूर्ण गेली तर अपंगत्व १४ टक्के, म्हणजे सुमारे २,३२,००० रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. ठेकेदाराने "हे घ्या वीस हजार, सही करा" म्हटले, तर हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. भरपाईचा हक्क सोडण्याचा करार कायद्याने रद्दच ठरतो. ठेकेदार पळाला तर मुख्य मालकाकडे मागता येते. मोजे वापरले नाहीत म्हणून दोष तुमचाच, असेही ऐकवतात; मोजे दिलेच नसतील तर या बोलण्यात दम नाही.

हे सगळे ईएसआय नसलेल्यांसाठी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होते, आणि मग भरपाई तिकडूनच मिळते. घरातल्या बायकांनी पगाराची चिठ्ठी एकदा पाहावी : १५,००० वर दरमहा ११३ रुपये कापलेले दिसतील. कामावरच्या इजेसाठी किती महिने पैसे भरले हे विचारले जात नाही, आणि कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे सुमारे नव्वद टक्के वेतन मिळते. वागळे इस्टेटला ईएसआयचे रुग्णालय आहे. पैसे कापले जातात पण कार्ड हातात नाही, अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. कार्ड आजच मागा.

ईएसआय नसेल तर मालकाला लवकरात लवकर लेखी कळवावे, स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. तो राहत्या जागेच्या हद्दीतही करता येतो; तळोज्याला इजा झालेल्या कळव्याच्या माणसाने रायगडात खेपा घालायची गरज नाही, ठाण्यात अर्ज चालतो.