गोळी वाटली, रक्तक्षय तसाच

देशातील गर्भवतींमधील रक्तक्षयाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) ५०.४ टक्के होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ५२.२ टक्क्यांवर गेले. दरम्यान, २०१८ मध्ये ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ अभियान सुरू झाले होते. गर्भवतीने लोह व फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस रोज घ्यावी, असा त्याचा दंडक. पाचव्या फेरीत तो पाळणाऱ्या माता अवघ्या २६ टक्के आढळल्या. मळमळ, बद्धकोष्ठता यांमुळे अनेकींची गोळी सुटते. चहा वा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतल्यास लोह पुरेसे शोषले जात नाही. हे समजावून सांगण्यासाठी आशा सेविकांना वेळ मिळायला हवा. शिवाय, किती गोळ्या वाटल्या यापेक्षा प्रसूतीपर्यंत किती जणी रक्तक्षयातून बाहेर आल्या, हाच यशाचा निकष ठरावा.