मक्याला गिऱ्हाईक आहे, भाव नाही

हावेरी, गदग, धारवाड या भागात मक्याला ‘गोविनजोळ’ म्हणतात. गुरांची ज्वारी, असा त्याचा सरळ अर्थ. कर्नाटकात ‘मेक्केजोळ’ हा शब्दही रूढ आहे. त्यात मक्का शहराची आठवण असल्याचे म्हणतात आणि मराठीतला ‘मका’ही त्याच कुळातला मानतात. म्हणजे एका नावाने हे धान्य गोठ्यात बांधले, तर दुसऱ्याने ते परदेशी ठरवले. सरकारी कागदपत्रांत मक्याचे जे होते, त्याचे बरेचसे मूळ मला या दोन नावांतच सापडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या गोविनजोळाने कर्नाटकाचे राजकारण ढवळून काढले. केंद्राने जाहीर केलेली आधारभूत किंमत क्विंटलला २४०० रुपये होती. बाजार समित्यांत प्रत्यक्ष मिळत होते १६०० ते १८००. गदग जिल्ह्यातील लक्ष्मेश्वर येथे शेतकरी खरेदी केंद्राच्या मागणीसाठी उपोषणाला बसले. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. राज्यात सुमारे १८ लाख हेक्टरवर मका असून ५४ लाख टनांहून अधिक उत्पादन अपेक्षित आहे, तेव्हा केंद्रीय संस्थांनी खरेदी सुरू करावी, आयात थांबवावी आणि इथेनॉलसाठी राज्यातील कारखान्यांचा वाटा वाढवावा, असे त्याचे सार. पुढे जे व्हायचे तेच झाले. चेंडू बेंगळूरुहून दिल्लीला गेला आणि दिल्लीहून परत बेंगळूरुला आला.

या वादात एक प्रश्न मात्र बाजूला राहिला. जेमतेम दीड वर्षापूर्वी, जून २०२४ मध्ये, याच देशाने सुमारे पाच लाख टन मका केवळ १५ टक्के शुल्कावर आयात करण्यास परवानगी दिली होती. एरवी हे शुल्क ५० टक्के असते. म्यानमार आणि युक्रेनचा मका आपल्या बंदरांवर उतरला. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा देश त्या काळात आयातदार झाला, आणि पुढच्याच मोठ्या हंगामात शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. हे कसे घडले?

उत्तर शोधायचे तर आधी मका विकत कसा घेतला जातो, ते पाहिले पाहिजे. बेंगळूरुच्या यशवंतपूर बाजारात माझे एक जुने परिचित व्यापारी आहेत. त्यांनी आग्नेय आशियातील एका खरेदीदाराचा करारनामा मला दाखवला. पिवळा मका, आर्द्रता कमाल १४ टक्के, तुटलेल्या, किडक्या आणि काळ्या दाण्यांच्या वेगवेगळ्या मर्यादा, जिवंत कीड अजिबात नको, बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन अब्जात २० भागांच्या वर नको, माल भरल्यावर धुरी दिल्याचे प्रमाणपत्र हवे. रंग पिवळाच का, तर त्यातील रंगद्रव्यामुळे अंड्याचा बलक आणि कोंबडीची कातडी पिवळी होते आणि गिऱ्हाइकाला ती तशीच लागते. सगळा कागद दीड पानांचा. भावाची ओळ अगदी शेवटी होती.

या दीड पानांना आपल्या शेतीच्या मापाने मोजून पाहावे. पंचवीस हजार टनांचे एक मध्यम जहाज भरायचे तर मोठे हजार ट्रक किंवा दहा मालगाड्या लागतात. कर्नाटकाचे सरासरी उत्पादन हेक्टरी तीन टनांच्या आसपास. म्हणजे या एका जहाजात आठ हजारांहून अधिक हेक्टरांचे पीक, अर्थात कित्येक हजार शेतकऱ्यांचे खळे एकत्र आलेले असते. त्यांतल्या प्रत्येकाने वेगळे बियाणे पेरलेले, वेगळ्या दिवशी कापणी केलेली आणि वेगळ्या अंगणात वाळवलेले. ब्राझील किंवा अर्जेंटिनात हीच खेप मोजक्या मोठ्या शेतांतून येते. आपला व्यापारी म्हणूनच जहाजाऐवजी बहुधा कंटेनर भरतो. पंचवीस-पंचवीस टनांची छोटी खेप त्याला झेपते.

सगळ्यात अवघड जागा आर्द्रतेची आहे. खरिपाचा मका दावणगेरे-हावेरीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो. त्या वेळी परतीचा पाऊस गेलेला नसतो. कणसे काढताना दाण्यात २० ते २५ टक्के पाणी असते. हिशेब करून पाहा. २० टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका १४ टक्क्यांवर आणला की ९३ किलो उरतो. २५ टक्क्यांचा असेल तर ८७ किलो. इतकी तूट गिऱ्हाईक आधीच भावातून कापते आणि त्यावर वाळवणीचा खर्च व बुरशीची जोखीम लावते. शेतकऱ्याकडे यंत्र नसते. त्याच्याकडे डांबरी रस्ता असतो. सेवेत असताना नोव्हेंबरातल्या दौऱ्यांत मी मैलोन्मैल अर्ध्या रस्त्यावर पसरलेला मका पाहिला आहे. गाडी त्याच्या कडेने काढावी लागे. वाहतूक पोलिसांची तक्रार असे, ती रास्तही होती. पण संध्याकाळी ढग आले की ताडपत्री घेऊन धावणाऱ्या बायकांकडे पाहून कोणताही अधिकारी कायद्याचे कलम सांगू शकत नसे. बिहारातील गुलाबबागच्या बाजारात येणारा रब्बीचा मका एप्रिल-मेच्या उन्हात आपोआप वाळतो. त्याला मिळणारा मान हा मुख्यतः उन्हाचा आहे.

देशातले औद्योगिक गिऱ्हाईक परदेशी गिऱ्हाइकाइतके काटेकोर नसते, हा समजही तितकासा खरा नाही. गोकाक, दावणगेरे किंवा आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील स्टार्च कारखान्यांत दाणे गंधकयुक्त पाण्यात दीड-दोन दिवस भिजत घालतात, मग कोंब, टरफल, प्रथिन आणि स्टार्च वेगळे करतात. घाईघाईने, जास्त उष्णतेवर वाळवलेल्या दाण्यातून स्टार्च नीट सुटत नाही. पोल्ट्रीला बुरशी चालत नाही, पक्षी मरतात. उरली इथेनॉलची आसवनी. तिला कसलाही मका चालतो असे म्हणतात. पण किण्वनात स्टार्च निघून गेल्यावर जो चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो, त्यात बुरशीचे विष जवळजवळ तिपटीने साठते. ते शेवटी पुन्हा गोठ्यात आणि खुराड्यातच येते. शिवाय या चोथ्याने सोयापेंडेची जागा घ्यायला सुरुवात केल्यापासून लातूर-वाशीमच्या सोयाबीन उत्पादकाच्या भावावरही दाब आला आहे. मक्याच्या धोरणाची झळ मका न पेरणाऱ्यालाही अशी पोहोचते.

इथेनॉलची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सध्याच्या घसरणीची कळ तिथे आहे. जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाने आसवन्यांना तांदूळ देणे थांबवले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आले. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मात्र कायम होते. मग मका पुढे आला. मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे ठरवण्यात आला. २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात मक्यापासून सुमारे ३१ कोटी लिटर इथेनॉल मिळाले होते. पुढच्या वर्षी ते सुमारे २८६ कोटी लिटरवर गेले. एका टनातून ढोबळमानाने ३८० लिटर धरले, तर सुमारे ६७ लाख टन मक्याचे नवे गिऱ्हाईक बारा महिन्यांत उभे राहिले. नामक्कलच्या अंडी उत्पादकांनी आरडाओरड केली, आयातीचे दार उघडले गेले, भाव चढले आणि शेतकऱ्याने तो संकेत अचूक वाचला. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगावपासून हावेरीपर्यंत मक्याचे क्षेत्र वाढले. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन ४२० लाख टनांच्या पुढे गेले.

तोवर दिल्लीत गोदामांतला तांदूळ वाढला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो आसवन्यांना क्विंटलला २२५० रुपयांनी देऊ केला गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याची आधारभूत किंमत झाली २४००, आणि तांदूळ त्याहून स्वस्त! आसवनीचा मालक काय निवडेल, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. हे निर्णय स्वतंत्रपणे पाहिले तर प्रत्येकाला कारण आहे. गोदामे रिकामी करायची होती, साखरेची टंचाई टाळायची होती, तेलाची आयात कमी करायची होती. परंतु मंत्रालयांच्या फायली वेगवेगळ्या असतात आणि शेतकऱ्याचे शेत एकच असते.

मग निर्यात का होत नाही? इथे आकडे निष्ठुर आहेत. क्विंटलला २४०० रुपये म्हणजे टनाला २४ हजार, सुमारे २७० डॉलर. त्यावर वाहतूक, हमाली, बारदान, धुरी आणि बंदराचा खर्च. २०२५ च्या अखेरीस अमेरिका व अर्जेंटिनाचा मका त्यांच्या बंदरावर टनाला २०० डॉलरच्या आसपास मिळत होता. हमीभाव देऊन निर्यात करणे अशक्य आहे. भाव १७०० वर आला, म्हणजे टनाला १९० डॉलर झाला, की जवळचे अंतर आणि लहान खेप यांच्या जोरावर व्हिएतनाम, मलेशिया, बांगलादेशच्या गिऱ्हाइकाशी बोलणी सुरू होऊ शकतात. आपला मका जनुकीय बदल केलेला नाही, हे काहींना आवडते; त्यासाठी फार जादा पैसे मात्र कोणी मोजत नाही. ‘निर्यात खुली करा, शेतकरी तरेल’ असे जे सांगितले जाते, त्यात ही गोम आहे. निर्यातीचे दार उघडते ते शेतकरी बुडाल्यानंतर.

अपवाद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा कारण बाहेरचे होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मका पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला. २०१२-१३ मध्ये आपली निर्यात ४५ लाख टनांच्या वर गेली. २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले. त्या वर्षी आपण सुमारे ३४ लाख टन मका बाहेर पाठवला. पुढच्याच वर्षी हा आकडा सुमारे १४ लाखांवर घसरला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाचताना धारवाडचा कापूस आठवल्यावाचून राहत नाही. हीच जमीन, हेच तालुके. त्या वेळी ते मुंबई इलाख्यात होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. धारवाड-गदगच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो कुमठा बंदरातून जाई, म्हणून बाजारात त्याचे नावच ‘कुमठा’ पडले. पिकवणाऱ्या गावांचे नाव त्याला कधी लागले नाही. मँचेस्टरच्या दबावाखाली कारवार बंदर आणि घाटातले रस्ते बांधायला काढले गेले. मालात सरकी, माती आणि हलका कापूस मिसळण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ मध्ये मुंबई सरकारला भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आजच्या करारनाम्यातली काळ्या दाण्यांची मर्यादा ही त्याच कायद्याची दूरची नात म्हणायला हरकत नाही. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत बँका बुडाल्या. तो ‘शेअर मेनिया’ मराठी वाचकांना परिचित आहे. तेजीच्या जोरावर दख्खनच्या कुणब्याने काढलेली कर्जे मात्र राहिली. १८७५ च्या दंग्यांची कारणे शोधणाऱ्यांना या तेजीमंदीची नोंद घ्यावी लागली.

(मैसूरजवळच्या सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरातील मूर्तींच्या हाती मक्याचे कणीस आहे, म्हणून मका कोलंबसाआधीच इथे होता, असा दावा १९८९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासकद्वयीने केला होता. आपल्या मका-शास्त्रज्ञांनी तो खोडून काढला. ते मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. मक्याला मोत्याचा भाव निदान शिल्पात तरी मिळाला.)

उपाय काय, असे विचारले जाईल. ‘हमीभावाने सगळे खरेदी करा’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भरड धान्याची सरकारी खरेदी केंद्राच्या नियमांनुसार रेशनवर वाटता येईल तितकीच करायची असते. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात रेशनवर मका कोण नेणार? गोविनजोळ हे नाव इथे आडवे येते. त्यामुळे मक्याची आधारभूत किंमत ही बहुतांश जिल्ह्यांत राजपत्रातली संख्या आहे. ती प्रत्यक्षात आणायची तर खरेदीदार उद्योगच असणार, आणि उद्योगाला बांधून घेण्याचे साधन सरकारच्या हाती आहे. इथेनॉलचा दर आणि तांदळाचा दर दोन्ही सरकारच ठरवते. मक्यापासूनच्या इथेनॉलला जर जादा दर द्यायचा, तर त्या आसवनीने मका हमीभावाने घेतल्याची पावती का मागू नये?

दुसरी गोष्ट वाळवणी यंत्रांची. कर्नाटकाने २०१४ पासून बाजार समित्या संगणकीय जाळ्यात जोडल्या. केंद्राची ई-नाम योजना त्यानंतर, २०१६ मध्ये आली. राणेबेन्नूरच्या गोणीवर बेंगळूरुत बसून बोली लावता येते, हे मोठेच काम झाले. पण ओलावा मोजणारे यंत्र ओलावा कमी करत नाही. तालुक्याच्या प्रत्येक बाजार समितीत भाड्याने मिळणारी वाळवणी आणि शेजारी तारण कर्ज देणारे गोदाम असेल, तर शेतकऱ्याला दोन महिने थांबता येईल. १४ टक्क्यांचा मका गोदामात राहतो. २० टक्क्यांचा आठवड्याभरात तापतो. येवला-लासलगाव पट्ट्यातही गरज हीच आहे. कांद्याच्या चाळींना जसे अनुदान मिळाले, तसे मक्याच्या वाळवणीला का मिळू नये, हा प्रश्न महाराष्ट्राच्या आमदारांनी विचारायला हरकत नाही.

आणि तारखा. मक्याची पेरणी जूनमध्ये होते. इथेनॉलचे पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते आणि कोणत्या धान्याला किती वाटा, हे त्याच्या आगेमागे कळते. शेतकरी बियाणे विकत घेतो, लष्करी अळीवर फवारणी करतो (ही अळी देशात प्रथम आढळली तीही मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्ग्यातच), मजुरी देतो. आणि आपल्या पिकाचे सर्वात मोठे नवे गिऱ्हाईक यंदा बाजारात आहे की नाही, हे त्याला कणसे खुडताना समजते. तांदळाचे प्रमाण व दर आणि आयातीची मर्यादा मे महिन्याच्या आत जाहीर करून वर्षभर न बदलणे, यासाठी एक रुपयाचीही तरतूद लागत नाही. पुढची पेरणी जूनमध्ये आहे. हावेरीच्या शेतकऱ्याने या हंगामाचा माल बहुतेक विकून टाकलेला असेल, आणि तो मका पेरायचा की पुन्हा कापसाकडे वळायचे याचा विचार करत असेल.