वाघेरा घाट आणि गिअरचं गणित

नाशिकहून गिरणारेमार्गे हरसूलला निघालेले सायकलस्वार सपाटीवर एकामागे एक जातात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांची दमछाक वाचते. वाटेतल्या वाघेरा घाटात वेग पडला की हा फायदा जवळपास संपतो. उरते गुरुत्वाकर्षणाशी झुंज. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर १०० मीटर चढायला सुमारे ७८ किलोज्यूल काम करावंच लागतं. गिअर ते कमी करत नाही, हप्त्यांत वाटून देतो. पुढच्या चकतीला २८, मागच्या चकतीला ३४ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक पूर्ण फेरीही घेत नाही. जोर कमी, फेऱ्या जास्त. श्रम जोडीदाराशीही वाटून घेता येतात: नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली. घाटात मात्र आळीपाळी नाही. मित्राशी बरोबरी न करता आपापल्या दमाने चढा, माथ्यावर भेटा.